आकड्यापेक्षा ओल बघा

इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणाऱ्या तुमच्या भाचीच्या अंगणात कुठला पाम लावावा, या तुमच्या प्रश्नावर कुणीतरी विंडमिल पाम सुचवलाय, "उणे १५ अंशांतही टिकतो, बिनधास्त लावा" म्हणून. निवड अगदी योग्य आहे. पण तो आकडा जमिनीत नीट मुळं धरलेल्या मोठ्या झाडाचा; नर्सरीतून आणलेलं कोवळं रोप तेवढं सोसत नाही. शिवाय इंग्लंडच्या हिवाळ्यात थंडीबरोबर ओल असते, आणि खरा घात ती करते. कोंबात पाणी साचून गोठलं की तो कुजायला लागतो. पामाला वाढीचा शेंडा एकच, तो गेला की बहुतेक पाम वाचत नाहीत. गोव्यातल्या माणसाला हे नवीन नाही. पावसाळ्यात माडाचा कोंब कुजला की मधलं कोवळं पान ओढल्यावर अलगद हातात येतं, तशीच गत. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, आपण वेळीच कुजका भाग काढून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावतो, म्हणून काही माड वाचतात.

तेव्हा भाचीला सांगा, रोप एप्रिल-मेमध्ये लाव, म्हणजे थंडीआधी मुळं पसरतील. चिकणमाती असेल तर उंचवटा करून लाव, पाणी थांबता कामा नये. पाणी गोठवणाऱ्या कडक थंडीच्या रात्री पानं वर गोळा करून सैल बांधायची, नंतर सोडायची. जागा वाऱ्याची असेल तर याच जातकुळीतला वॅगनेरियानस नावाचा पाम बघा, त्याची पानं आखूड, ताठ असतात आणि फाटत नाहीत. आणि हो, याच कुळातला टाकिल पाम आपल्या उत्तराखंडातल्या कुमाऊँचा, तिथल्या डोंगरात बर्फ सोसणारा. त्याचं रोप मिळालं तर मला फार आनंद होईल.