मदत हवी आहे : सिग्नलवरच्या मुलीसाठी नेमके काय करावे?

नमस्कार. पुण्यात स्वारगेटजवळच्या एका सिग्नलवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कडेवर तान्हे बाळ घेऊन भीक मागत असते. भर उन्हात, हॉर्नच्या गोंगाटातही बाळ गाढ झोपलेले आणि त्याची मान एका बाजूला कलंडलेली दिसते. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच. कोणी गाडीची काच वर करतो, कोणी दोन-पाच रुपये हातावर टेकवतो. मी बिस्किटांचा पुडा देते, पण ती तो न फोडता दुभाजकावर बसलेल्या बाईकडे नेऊन देते.

मुलांना भीक मागायला लावणे हा बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 76 नुसार गुन्हा आहे आणि 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर तसे कळवता येते, हे मला ठाऊक आहे. मात्र ती बाई तिची आईच असेल, तर माझ्या एका फोनमुळे मायलेकींची ताटातूट होईल आणि 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली आईलाच पकडून नेतील, अशी भीती वाटते.

ज्यांनी 1098 वर कळवले आहे किंवा अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीचे कामकाज जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे : फोननंतर मुलांना कुठे नेतात, आईला भेटू देतात का, आणि मुलीच्या शाळाप्रवेशासाठी कोणाशी बोलावे? तोवर पैसे द्यावेत की खाणे, याबद्दलचा आपला अनुभवही अवश्य लिहावा.