मदत हवी आहे: बीएस्सीला गणित-भौतिकसोबत रसायन घ्यावं की संख्याशास्त्र?

नमस्कार मंडळी. सांगलीत बीएस्सी पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायचाय, तासगावहून एसटीने रोज ये-जा. गणित, भौतिकशास्त्र पक्कं. तिसऱ्या विषयावर अडलंय. थिअरीचं १ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. म्हणजे २ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला १५ आठवडे दर आठवड्याला ४ तास, वर जर्नल. रसायनात ब्युरेटची (द्रव मोजून थेंबथेंब सोडायची नळी) रीडिंगं जुळेपर्यंत टायट्रेशन, म्हणजे द्रावणाची तीव्रता काढायचा प्रयोग, परत करावं लागतं, घाई चालत नाही. संख्याशास्त्राची आकडेमोड घरीही पुरी करता येते.

खरी काळजी गणिताची. बारावीत सूत्र लावून लिमिट सुटते, इथं एप्सिलॉन-डेल्टाने, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येवरून, सिद्ध करावी लागते. त्याला रोजचा सलग वेळ हवा. पुढे एमएस्सी गणितच करायचं असेल तर रसायन सोडलेलं चालेल का? आणि दुसऱ्या सेमिस्टरला विषय बदलून मिळतो का?