मुलगारा पाण्याशिवाय कसा जगतो? उलुरूला दिसेल का?

सुनीता_नाशिक:
जुलैत मुलाकडे मेलबर्नला जातेय. तिथून उलुरूला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या त्या मोठ्या लाल खडकाकडे, जायचा बेत आहे. त्या भागातल्या मुलगाराचा फोटो पाहिला. दिसायला थेट उंदीर, पण म्हणे कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी. एवढ्या वाळवंटात त्याचं पाण्यावाचून कसं भागतं? आणि आम्हाला दिसेल का?

लाल_माती:
सुनीताताई, मी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला नर्स आहे. सुट्टी जुळली की इथल्या संशोधकांबरोबर प्राण्यांच्या मोजणीला जाते. प्राणी आत पडावेत म्हणून वाळूत बादल्या पुरून ठेवतात आणि ऊन चढायच्या आत त्या तपासतात. मुलगारा हातात घेतला की पहिली नजर शेपटीवर जाते: बुडाशी गाजरासारखी जाड, पुढे काळे केस. तिच्यात चरबी साठते. तोंड उघडलं की कळतं, हा उंदीर नाही. उंदराचे कुरतडायचे दात कुठे, आणि याचे हे बारीक टोकदार सुळे कुठे! हा शिकारी आहे, तस्मानियन डेव्हिलच्या कुळातला. मादीला कांगारूसारखी खोल पिशवीही नसते, पोटावर नुसत्या कातडीच्या घड्या असतात. पिल्लं आचळांना चिकटून वाढतात.

पाणी त्याला भक्ष्यातूनच मिळतं. किडे, कोळी, सरडे, छोटे उंदीर हे त्याचं खाणं. मूत्रपिंडं लघवी फार घट्ट करतात, त्यामुळे पाणी वाया जात नाही. दिवसभर बिळात, शिकार रात्री. थंडीत तर तो काही तास शरीर जवळजवळ बंदच करून टाकतो. उलुरूजवळच्या मुलगारांच्या अंगाचं तापमान ११ अंशांच्या आसपास उतरलेलं नोंदलं आहे, आणि गाभण माद्याही असं करतात. हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

वाघोली_निसर्ग:
न्यू साउथ वेल्समधून तो नामशेष झाला होता ना?

लाल_माती:
हो, तुरेवाला मुलगारा (मुलगाराची एक जात) तिथे शंभराहून जास्त वर्षं दिसला नव्हता. २०१७ मध्ये स्टर्ट राष्ट्रीय उद्यानात सापडला. यामागे मोठा हात आहे सशांच्या रोगाचा. १९९५ मध्ये त्याचा विषाणू दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉर्डँग बेटावर ससे आवरण्यासाठी चाललेल्या चाचणीतून बाहेर पसरला आणि वाळवंटातले ससे धडाधड मेले. सशांवर पोसलेली रानटी मांजरं आणि कोल्हे घटले, गवत परत आलं. त्यानंतरच्या १४ वर्षांत मुलगाराचा वावर ७० पट क्षेत्रात पसरला! माणसाने आणलेले ससे, कोल्हे आणि मांजरं या इवल्याशा जिवाला किती छळत होती, ते यावरून दिसतं. मांजरं अजून आहेतच, म्हणून मला याची फार काळजी वाटते.

ताई, जुलैत रात्री कडाक्याची थंडी असते, मोकळ्यावर दिसायची आशा धरू नका. सकाळी लवकर, पायवाट न सोडता, स्पिनिफेक्स गवताच्या बुंध्याशी वाळूवर ठसे शोधा. आणि जमलं तर अ‍ॅलिसला या, उलुरूहून गाडीने साधारण ४५० किलोमीटर. इथल्या डेझर्ट पार्कमध्ये रात्रीच्या प्राण्यांसाठी दिवसा अंधार करून ठेवलेलं दालन आहे. तिथे पाच मिनिटं न बोलता उभ्या राहा, डोळे सरावले की हालचाल दिसू लागते.