दिवाळी अंकाचा मजकूर ओडीटीतच मागावा का?

परळचा पिंपळ
आमचा दिवाळी अंक छोटा. जाहिराती कशाबशा जमतात, संपादक मंडळ बिनपगारी, बैठका दादरला एकाच्या घरी. यंदा लेखकांना जाणाऱ्या पत्रात एक ओळ घालावी म्हणतोय: मजकूर युनिकोडमध्ये आणि ओडीटी फाइलमध्येच पाठवावा. (युनिकोड म्हणजे फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं ती पद्धत, ओडीटी म्हणजे खुल्या मानकाची, एका कंपनीची नसलेली फाइल.) यावरून मंडळात दोन तट पडलेत. माझं मत ठरलेलं आहे, ते आधीच सांगून टाकतो.

आमच्या संगणकांवर लिबरऑफिस आहे, वर्डसारखंच पण फुकट. लेखकांकडून येतं डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल. कोणाचं वर्डमधून, कोणाचं गूगल डॉक्समधून, कोणाचं मोबाइलवरच्या डब्ल्यूपीएसमधून. आमच्याकडे उघडलं की चौकटी सरकतात, कवितेच्या ओळींत अंतर पडतं, बारा पानांची कथा चौदा पानांची होते.

ओडीटी ज्या ओडीएफ कुटुंबातला आहे ते २००५ मध्ये ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २६३००. डॉकएक्सचं मानक २००८ मध्ये आयएसओ २९५०० झालं खरं, पण त्यात 'स्ट्रिक्ट' आणि 'ट्रान्झिशनल' अशा दोन तऱ्हा. आपण नुसतं सेव्ह दाबलं की वर्ड ट्रान्झिशनल लिहितं, म्हणजे जुन्या वर्डच्या सवयी पोटात घेतलेली तऱ्हा. भारताने २००७ आणि २००८, दोन्ही वेळा आयएसओच्या मतदानात डॉकएक्सच्या विरोधात मत दिलं होतं. पुढे ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलाप्रमाणे आपणही अपील केलं. ती अपिलं फेटाळली गेली. २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. आणि आपण मराठी अंकवाले अजून "वर्ड फाइल पाठवा" म्हणतो!

बोरिवली फास्ट
इतिहास सगळा बरोबर, निष्कर्ष मात्र उलटा. ज्याच्याकडे वर्ड आहे तो काय करणार? सेव्ह ॲजमध्ये जाऊन ओडीटी निवडणार. तेव्हा वर्ड स्वतःच इशारा देतं की काही रचना हरवू शकते. माणूस 'हो' दाबून मोकळा होतो. म्हणजे रूपांतराचं काम तुम्ही लेखकाच्या गळ्यात टाकलंत, आणि काय गळलं ते ना त्याला कळलं ना तुम्हाला.

रूपांतर व्हायचंच असेल तर ते एकदाच व्हावं, तुमच्याकडे, एकाच आवृत्तीत, जाणत्या माणसाच्या हातून. चाळीस लेखकांच्या चाळीस यंत्रांवर नको. मूळ फाइल जशी आहे तशी मागा. मी ऑफिसात हेच करतो आणि तिथे अंकाच्या दसपट कागद येतात.

फुकटफौजदार
जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये वाजतगाजत विंडोज सोडून फुकटच्या लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१७ मध्ये परत विंडोजला यायचं ठरवलं. तुमच्या मंडळाने मधली चौदा वर्षं वाचवावीत.

परळचा पिंपळ
@फुकटफौजदार, त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार सरकारी संगणक लिबरऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. ब्रिटन सरकारनेही २०१४ मध्ये संपादन करता येतील अशा कागदांसाठी ओडीएफच निवडला. एकच गाव किती दिवस सांगणार?

@बोरिवली फास्ट, चाळीस यंत्रांचा मुद्दा मान्य. पण कोणीच कधी मागितलं नाही तर लोक बदलणार कधी?

मुलुंडची आजी
मी गेली काही वर्षं फोनवर बोलून लिहिते. डोळ्यांना बरं पडतं. लेख व्हॉट्सॲपवर पाठवते, संपादक पुढचं बघतात. उद्या पत्रात 'ओडीटी' वाचलं तर मी नातवाला विचारीन, आणि नातू म्हणेल की आजी, दुसऱ्या अंकाला पाठव.

खिळेजुळारी
लोअर परळला डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम करतो. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत असल्याच फाइलींत बुडालेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. परळकर, तुमचा अंक पानं लावायला ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे बहुधा इनडिझाइन हे सॉफ्टवेअर असणार. त्यात 'प्लेस' करताना, म्हणजे मजकूर आत घेताना, डॉकएक्स जातं, आरटीएफ जातं, साधी टेक्स्ट जाते. ओडीटी जात नाही. म्हणजे लेखकाने वर्डमधून ओडीटी केलं, ते मी उघडून परत डॉकएक्स करणार. दोनदा रूपांतर. स्क्रायबस हे तसलंच फुकटचं सॉफ्टवेअर ओडीटी घेतं, पण मुंबईत किती जण त्यावर अंक लावतात ते तुम्हीच विचारून बघा.

दुसरी गोष्ट, तुमची बारा पानं चौदा का होतात? बहुतेक वेळा फॉरमॅटमुळे नाही, फाँटमुळे. लेखकाकडे विंडोजचा मंगल असतो. तुमची यंत्रं लिनक्सवर असतील तर तिथे मंगल नाही, मग लोहित किंवा नोटो बसतो. त्यांची उंची-रुंदी वेगळी, ओळी वेगळ्या जागी तुटणारच. इंग्रजीत कॅलिब्री नसला तर त्याच्याच मापाचा कार्लिटो बसतो, म्हणून इंग्रजीवाल्यांना हे इतकं जाणवत नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. वर्डच्या फाइलीत इंग्रजीचा फाँट आणि आकार एका खणात लिहिलेला असतो, देवनागरी किंवा अरबीसारख्या लिप्यांचा दुसऱ्या खणात. लिबरऑफिसमध्येही सीटीएल नावाने तसाच वेगळा खण असतो. एखाद्या अ‍ॅपने पहिला खण भरला आणि दुसरा रिकामा सोडला की इंग्रजी शब्द चौदाचा आणि शेजारचं मराठी बाराचं. लेखक शपथेवर सांगतो की माझ्याकडे बरोबर दिसतंय. खरंच दिसत असतं.

आणि हे सगळं मी फेकूनच देतो. अंकाचा फाँट माझा, स्तंभाची रुंदी माझी. लेखकाच्या फाइलीतून मला हवंय ते एवढंच: शब्द, परिच्छेद कुठे तुटतो, ठळक-तिरपं कुठे, आणि तळटीपा खऱ्या तळटीपा म्हणून घातलेल्या. हे चार ऐवज डॉकएक्समधून नीट येतात.

परळचा पिंपळ
छपाईपुरतं पटलं. पण मी संग्रहाचंही बोलतोय. आमचे १९९८ ते २००९ चे अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत अडकलेत. सीडी आहेत, फाइली आहेत, वाचता येत नाहीत. हेच डॉकएक्सचं होणार नाही कशावरून? खुला फॉरमॅट त्यासाठीच हवा.

खिळेजुळारी
ते अंक फॉरमॅटने नाही हो अडकवले, फाँटने अडकवलेत. पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं. आपण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी हे जुने फाँट वापरायचो. त्यात 'क' म्हणून जे दिसतं ते आत भलतंच कुठलंतरी इंग्रजी चिन्ह असतं. फाँट गेला की उरतो तो कचरा. उद्या पेजमेकरने ती फाइल ओडीटीत लिहून दिली असती तरी आत तोच कचरा असता, फक्त आयएसओ प्रमाणित!

इनडिझाइनमध्ये सीएस६ या आवृत्तीपासून युनिकोड मराठी नीट जुळायला लागलं. तरी काही प्रेसवाले आजही युनिकोड मजकूर परत श्रीलिपीत फिरवून घेतात, कारण त्यांची जुनी पानं त्यात आहेत. खरी लढाई तिथे आहे. पत्रात 'युनिकोड' शब्द ठळक करा, ओडीटी काढून टाका.

डॉकएक्स म्हणजे तरी काय, झिप केलेलं एक्सएमएल. फाइलीच्या नावाचं शेपूट बदलून .झिप केलं तर आत मजकूर वाचता येतो. ओडीटीचंही तेच.

बोरिवली फास्ट
+१. आणि युनिकोड म्हटलं तरी सुटका नाही. 'दुसऱ्या' हा शब्द कोणी ऱ वापरून लिहितं, कोणी र, हलंत आणि न दिसणारा जोडक वापरून. कागदावर दोन्ही सारखे. शोधा-बदलाला मात्र एकच सापडतो. मुद्रितशोधन करणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा.

परळचा पिंपळ
एवढं ऐकून पत्रातली ओळ अशी करतोय: "मजकूर युनिकोडमध्ये, डॉकएक्स, ओडीटी किंवा व्हॉट्सॲप संदेश, काहीही चालेल." पण अंक निघाल्यावर प्रत्येक लेखाचा अंतिम पाठ आमच्याकडे ओडीटीत आणि पीडीएफमध्ये ठेवणार, यावर मी अडून बसणार आहे. एकाच कंपनीच्या मर्जीवर संग्रह सोपवायची माझी तयारी नाही, मग ती कंपनी परदेशी असो की देशी.

बोरिवली फास्ट
ठेवा की. फक्त अंतिम पाठ म्हणजे पानावर शेवटची दुरुस्ती झाली तो, हे विसरू नका. ती दुरुस्ती इनडिझाइनमध्ये होते आणि तुमच्या ओडीटीत ती परत कोणी घालत नाही. दोन वर्षांनी छापलेलं एक आणि संग्रहातलं दुसरं निघेल.

खिळेजुळारी
हे मात्र शंभर टक्के होतं. छापायला जाण्याआधी माझ्याकडून आरटीएफ काढून घ्या, इनडिझाइन एकेका लेखाची देतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मागाल तर मी फोन उचलणार नाही.

मुलुंडची आजी
म्हणजे माझं व्हॉट्सॲप चालतंय तर! कविता पाठवताना कडव्यांमध्ये काय करू?

खिळेजुळारी
आजी, एक ओळ मोकळी सोडा, बस. आणि एक कविता एकाच संदेशात. वर्डमध्ये लिहिणाऱ्यांसाठी: कडव्याच्या आतल्या ओळींना शिफ्ट धरून एंटर, कडवं संपलं की साधा एंटर. स्पेसबारने ओळ मधोमध आणू नका. त्या स्पेसा काढण्यात माझा गणपती जातो.