बोर्डिंग गेटवरची भांडणं: चिडायचं कुणावर?

कृष्णाकाठ_सांगली (धागाकर्ता)

सांगली-साताऱ्याच्या माणसाला विमान धरायचं तर एक तर पुण्याचं लोहगाव, नाही तर कोल्हापूरचं उजळाईवाडी. कुठंही जा, बोर्डिंगच्या वेळी गेटवर कुणाचा तरी आवाज चढलेला असतोच. जुलै २०२५ मध्ये श्रीनगरला तर ७ किलोची मुभा असताना १६ किलो हातसामान घेऊन आलेल्या प्रवाशाने चार कर्मचाऱ्यांना मारहाण केली. एकाच्या मणक्याला फ्रॅक्चर झाल्याचं कंपनीने सांगितलं होतं.

माझं मत असं की गेटवरच्या पोरापोरींवर ओरडणं चूक आहे आणि त्याचा उपयोगही शून्य आहे. देशांतर्गत विमानाचं चेक-इन बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात आणि गेट २५ मिनिटं आधी. "विमान तर समोर उभं आहे, मग सोडत का नाही?" हे वाक्य रोज ऐकू येतं. त्या २५ मिनिटांत चेक-इन झालेली माणसं आणि गेटवर स्कॅन झालेले पास यांचा आकडा जुळवतात. एक माणूस कमी पडला आणि त्याची बॅग विमानाच्या पोटात गेलेली असली, तर टॅग नंबर बघून ती शोधायची आणि खाली उतरवायची. हा नियम उगाच आलेला नाही. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' पडलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता.

आकडा जुळला की शेवटची लोडशीट निघते. माणसं किती, पुढं किती बसली, मागं किती, बॅगांचं वजन किती, हे सगळं त्यात असतं. ती कॅप्टनने मान्य केली की दार बंद, शिडी मागे, पुशबॅक (म्हणजे विमान मागे ढकलून जागेवरून हलवणं). उशिरा आलेल्या एकाला आत घ्यायचं म्हणजे उतरवलेली बॅग परत चढवायची आणि लोडशीट नव्याने करायची. तोवर पुशबॅकचा नंबर गेला तर आत बसलेले १८० जण खोळंबतात.

राजवाडा_सातारा

नियम मान्य. पण तो एकाच बाजूला कडक का? प्रवासी पाच मिनिटं उशिरा आला तर दार बंद, आणि विमान तीन तास उशिरा असलं तर तो उशीर वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी सांगतात. येणारं विमान आधीच्या शहरातून उडालेलंच नसतं. मोबाईलवरच्या फ्लाइट ट्रॅकिंग अ‍ॅपवर ते आपल्याला दिसतं आणि गेटवरची पाटी "बोर्डिंग लवकरच" म्हणत असते. माणूस चिडतो तो या लपवाछपवीवर.

जानेवारी २०२४ मध्ये धुक्यामुळे गोंधळ उडाला, मुंबईत प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. त्यानंतर डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने) कंपन्यांना बजावलं की उशिराची खरी माहिती वेळेवर द्या, गेटवरच्या लोकांना प्रवाशांशी नीट बोलायला शिकवा. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर होणार असेल तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं, हा नियमच आहे. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. हे स्वतःहून किती ठिकाणी सांगतात? विचारल्याशिवाय चहासुद्धा निघत नाही.

मिरज_जंक्शन

राजवाडा, माहिती दडवते कोण हे नीट बघायला हवं. विमान किती वाजता येणार हे कंपनीचं कंट्रोल सेंटर ठरवतं आणि ते दुसऱ्याच शहरात असतं. गेटवरच्या स्क्रीनवर फक्त सुधारित वेळ उमटते, कारण बऱ्याचदा उमटतच नाही. त्यात गेटवरची बरीच माणसं ग्राउंड हँडलिंग एजन्सीची, कंत्राटावरची.

शिवाय प्रत्येक उशिराला एक कोड लागतो. मागच्या फेरीमुळे झालेला उशीर ९३ नंबरखाली जातो. बोर्डिंगमध्ये माणूस सापडत नाही, आकडा जुळत नाही, तर १५. ९३ लागला तर त्या विमानतळावरच्या लोकांना कुणी विचारत नाही, १५ लागला की वरून लगेच विचारणा येते. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत ती मंडळी तुटक बोलतात. एका हातात वॉकीटॉकी, त्यावर खालचा माणूस "दोन कमी, दोन कमी" म्हणतोय, दुसऱ्या हाताने पास स्कॅन चाललेत आणि समोरचा प्रवासी विचारतोय की खिडकीची सीट मिळेल का.

राजवाडा_सातारा

मग हा कंपनीवरचा आरोप झाला ना! ज्याला काहीच माहीत नाही आणि काहीच ठरवता येत नाही, त्याला पुढं उभं करायचं, हा कंपनीचा हिशोब आहे. गेटवर निर्णय घेऊ शकणारा एक तरी माणूस हवा.

ओव्हरबुकिंगचंच घ्या, म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकणं. कन्फर्म तिकीट आहे, वेळेत पोचलात, तरी जागा नाही म्हणाले, तर आधी स्वखुशीने थांबणारे कुणी आहेत का हे त्यांनी विचारायचं. तरी जबरदस्तीने थांबवलं आणि तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत पाठवलं तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्यापुढं ४०० टक्के, कमाल २०,०००. जून २०२२ मध्ये डीजीसीएने एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला तो याच कारणाने. प्रवाशांना थांबवलं होतं आणि भरपाईही दिली नव्हती. नियम असून दंड करायची वेळ येते, मग प्रवाशाने गप्प राहायचं म्हणता?

बेदाणा_तासगाव

भरपाई वगैरे ठीक आहे, पण निम्मी भांडणं सामानावरून होतात आणि तिथं चूक बहुधा आपली असते. चेक-इनला १५ किलो, हातात एक बॅग ७ किलोची, माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. रिकामी ट्रॉलीच अडीच-तीन किलोची असते. त्यात पाच किलोचा बेदाण्याचा बॉक्स टाकला की संपलं. वर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची पिशवी वेगळी. घरच्या काट्यावर ट्रॉली तोलून निघालं तर गेटवर वादच होत नाही.

कोल्हापूरला येणारी काही विमानं एटीआर आहेत, पंख्याची. त्यांचे वरचे कप्पे लहान, साधी ट्रॉली त्यात शिरत नाही. म्हणून ती शिडीपाशी घेतात, टॅग लावतात आणि खाली ठेवतात. इथं लोक हटकून अडतात. अडू नका, फक्त बॅग देण्याआधी पॉवर बँक, सुटी बॅटरी, लॅपटॉप, औषधं आणि दागिने काढून घ्या. पॉवर बँक खालच्या सामानात चालतच नाही, आग लागली तर तिथं हात पोचत नाही.

एटीआरमध्ये रिकाम्या सीटवर परस्पर जाऊन बसण्यावरूनही कटकटी होतात. त्या विमानात माणसं मागच्या दाराने चढतात, मोठा सामानाचा कप्पा कॉकपिटच्या मागे असतो. चढताना शेपूट खाली बसू नये म्हणून मागे टेकू लावतात, इतका तो तोल नाजूक. चार जण पुढचे मागे गेले तरी कागदावरचं गणित बदलतं. एअर होस्टेस "आपल्या सीटवरच बसा" म्हणते ती त्यामुळे.

कराड_नाका

वेळेबद्दल बोला की राव. सांगलीहून लोहगाव म्हणजे पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, खेड-शिवापूर, नवले पूल आणि मग अख्खं पुणे शहर ओलांडायचं. रस्त्यांची कामं चालू, शनिवार-रविवारी घाटात रांग. साताऱ्याहून ११०-१२० किलोमीटर दिसतात म्हणून लोक अडीच तास धरतात. त्यातला एक तास नवले पूल ते लोहगाव यातच जाऊ शकतो. एसटी चुकली तर पुढची मिळते, इथं तसं नाही. मे २०२५ मधल्या तणावाच्या दिवसांत चेक-इन ७५ मिनिटं आधी बंद करायचा आदेश होता आणि विमानात चढताना प्रत्येकाची दुसऱ्यांदा तपासणी होती. असे बदल एका रात्रीत होतात. आदल्या संध्याकाळी कंपनीचा मेसेज वाचायलाच हवा.

विमान चुकलंच तर भांडत बसू नका. तिकिटातले विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात, नो-शो झालात तरी. ते मागा.

वाई_घाट

धागाकर्त्याच्या "उपयोग शून्य" या म्हणण्याला माझा विरोध आहे. मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही. सहप्रवाशांनी जागेवरच आवाज उठवला, ते देशभर गाजलं, डीजीसीएने इंडिगोला ५ लाखांचा दंड केला. त्यानंतर नियम बदलला. कर्मचाऱ्याला वाटलं म्हणून अशा प्रवाशाला नाकारता येत नाही, विमानतळावरच्या डॉक्टरचं लेखी मत घ्यावं लागतं. त्या दिवशी सगळे मुकाट विमानात बसले असते तर हा बदल झाला नसता.

म्हाताऱ्या आईवडिलांसाठी व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी नोंदवा. आयत्या वेळी मागितली की थांबावं लागतं आणि तिथून वाद पेटतो.

कृष्णाकाठ_सांगली

वाई, रांचीचं उदाहरण योग्यच आहे. पण तिथं सहप्रवाशांनी नियम आणि माणुसकी दाखवून दिली, कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. माझा विरोध शिवीगाळीला आणि धक्काबुक्कीला आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खासदारांनी कर्मचाऱ्याला मारल्याचं प्रकरण झालं, त्याच वर्षी नो-फ्लाय यादीचे नियम आले. विमानात शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत बंदी, धक्काबुक्की केली तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणारं काही केलं तर किमान दोन वर्षं. विमानाबाहेर गेटवर केलं तर सुरक्षा यंत्रणा आणि पोलिस, म्हणजे थेट गुन्हा. आणि लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा बसमधून विमानाकडे जाताना पुरावा म्हणून व्हिडिओ काढायला जाऊ नका.

राजवाडा_सातारा

हात टाकू नये यावर वाद नाहीच. पण नुसतं शांत राहून कंपनी बधत नाही, कागद लागतो. गेटवर ड्युटी मॅनेजरला बोलवा. का थांबवलं हे लेखी द्या म्हणा, नाही दिलं तर तिथूनच कंपनीला ईमेल टाका म्हणजे वेळेची नोंद राहते. बोर्डिंग पास आणि टर्मिनलमधल्या पाटीचा फोटो ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारचं एअरसेवा हे तक्रारीचं पोर्टल. तिथंही नाही झालं तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्ली-गुरुग्रामला असलं तरी तिला सातारा किंवा सांगलीच्या आयोगापुढं यावं लागतं. तिकिटाला मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही.

मिरज_जंक्शन

यात एक जोडतो. ईमेलमध्ये गेट एजंटचं नाव घालून त्याच्यावर खापर फोडू नका. फ्लाइट नंबर, तारीख, गेटवर पोचलात ती वेळ आणि मागितलेली रक्कम एवढंच लिहा. नाव घातलं की कंपनी त्या कंत्राटी पोराला काढते आणि "कारवाई केली" असं कळवून फाईल बंद करते. तुमचे दहा हजार तिथंच अडकून राहतात.