टीबीची गोळी कधी घेतलीच नाही, मग रेझिस्टन्स आला कुठून?

ऐरोलीकर_ताई:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ, वय २४, दीड महिना खोकला जात नव्हता म्हणून थुंकी तपासली, सीबीनॅट या मशीनच्या टेस्टमध्ये टीबी आला आणि खाली लिहिलंय रिफाम्पिसिन रेझिस्टन्स, म्हणजे टीबीचं हे औषध त्याच्या जंतूवर चालत नाही. त्याने आयुष्यात टीबीची एक गोळी घेतलेली नाही तरी एकजण आईसमोर म्हणाले "कोर्स अर्धवट सोडला असणार", आई तेव्हापासून रडतेय. लहानपणी सर्दीतापाला अँटिबायोटिक खूप झालीत, त्याने झालं का? की गावाला कच्चं दूध प्यायचो त्यातून? तो रोज ऐरोलीहून ठाण्याला लोकलने जातो, बाकी कुठे नाही.

कळवा_लॅबवाली:
ताई, आधी आईला सांगा, यात त्याची काही चूक नाही. मी थुंकीच्या टेस्टच करते, हा प्रश्न रोज ऐकते आणि दरवेळी वाईट वाटतं.

रिफाम्पिसिन जंतूच्या ज्या एन्झाइमला जाऊन चिकटतं त्याचा एक भाग आरपीओबी नावाच्या जीनवरून बनतो. त्यातल्या डीएनएच्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात एखादं अक्षर बदललं की औषध नीट चिकटत नाही, आमचं मशीन नेमका तोच तुकडा बघतं. आता हा बदल औषधामुळे होत नाही हो, जंतू दुभंगताना कॉपी करायला चुकतो तेव्हा आपोआप होतो, साधारण १० कोटी जंतूंत एखादा असा निघतो. आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधासाठी १० लाखांत एक. फुफ्फुसात पोकळी पडली की जंतू कोट्यवधी असतात, म्हणून एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि तो एक वाढत राहतो. चार-चार औषधं एकत्र देतात ती याचसाठी.

पण असा रेझिस्टंट जंतू उरून वाढणं दुसऱ्याच कुणाच्या तरी शरीरात होऊन गेलेलं असू शकतं. त्याच्या खोकल्यातून तयार रेझिस्टंट जंतू हवेत आला आणि भावाने श्वासातून घेतला. लोकल, ऑफिस, कुठेही. कोणाकडून ते शोधत बसू नका.

सर्दीच्या गोळ्यांचा संबंध नाही. इतर बरेच जंतू एकमेकांकडून रेझिस्टन्सचे जीन उसने घेतात, टीबीचा घेत नाही, त्याचा रेझिस्टन्स स्वतःच्याच जीनमधल्या चुकीतून येतो.

पारसिक_टेकडी:
दुधाबद्दल लिहितो. गुरांचा टीबी, म्हणजे मायकोबॅक्टेरियम बोविस, कच्च्या दुधातून होतो हे खरं, त्यामुळे दूध उकळूनच प्या. पण त्या जंतूला निसर्गतःच जे औषध चालत नाही ते पायराझिनामाइड, रिफाम्पिसिन नाही, त्यामुळे या रिपोर्टचा दुधाशी संबंध जुळत नाही. पूर्वी समजायचे की माणसाचा टीबी गुरांकडून आला. १९९८ मध्ये टीबीच्या जंतूचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए वाचला, सुमारे ४४ लाख अक्षरं, मग तुलना केली तर गुरांच्या जंतूत काही तुकडे गायब आहेत आणि माणसाच्या जंतूत ते शाबूत आहेत. गेलेलं परत येत नाही, म्हणजे आपला जंतू गुरांच्या जंतूपासून झालेला नाही. कुष्ठरोगाच्या जंतूने तर याहून कितीतरी जास्त गमावलंय, त्याचे हजाराहून जास्त जीन नुसते मोडके पडलेत, लॅबमध्ये डिशवर तो वाढतच नाही.

आणि एक, रेझिस्टंट जंतू कमजोर असतो, पसरत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आरपीओबीतल्या बदलाने तो कधी मंदावतो पण मग आरपीओसी या दुसऱ्या जीनमध्ये बदल होऊन पुन्हा तरतरीत होतो. म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, आईचीही.

ऐरोलीकर_ताई:
दोघांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, "कॉपी करायला चुकतो" हे तिला लगेच कळलं. आयसोनियाझिडचं वेगळं तपासावं लागेल का?

कळवा_लॅबवाली:
हो, साधं सीबीनॅट फक्त रिफाम्पिसिनचं सांगतं. लाइन प्रोब टेस्टमध्ये केएटीजी आणि आयएनएचए हे दोन जीन बघतात, त्यावरून आयसोनियाझिड कळतं. फ्लुरोक्विनोलोन या औषधांच्या गटाचंही तपासायला सांगा, पुढची औषधं त्यावर ठरतात. उद्याच विचारा, आणि तोवर खिडक्या उघड्या ठेवा, भावाला मास्क द्या. त्याचं ताट वेगळं ठेवायची काही गरज नाही.