मदत हवी आहे: ८ टीबीची हार्ड डिस्क लिहिताना अडते, टेप उतरवताना फ्रेम गळतात

नमस्कार मंडळी,

वडिलांनी आमच्या भागातले जागरण-गोंधळ, भजनी मंडळं आणि जत्रा यांचं बरंच चित्रण मिनीडीव्ही टेपवर करून ठेवलंय. शंभराच्या वर टेपा आहेत. त्यातले कित्येक गोंधळी आता हयात नाहीत आणि त्यांचं गाणं दुसरीकडे कुठे जपलं गेलं असेल असं वाटत नाही. म्हणून हँडीकॅममधून फायरवायर केबलने सगळं डेस्कटॉपवर उतरवतोय. तासाभराच्या टेपची फाईल साधारण १३ जीबी होते. नंतरची एचडी चित्रीकरणंही एकत्र ठेवायची आहेत, त्यासाठी ८ टीबीची ३.५ इंची डिस्क घेतली. ५४०० आरपीएम, २५६ एमबी कॅशे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

वाचताना डिस्क उत्तम आहे. मोठ्या फाईलला १८० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास वेग मिळतो, तापत नाही. विंडोजमध्ये ७.२७ टीबी दिसते ती १००० आणि १०२४ च्या हिशेबामुळे, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण लिहिण्याची आहे. जुन्या डिस्कवरून मोठं फोल्डर कॉपीला लावलं की सुरुवात झकास होते, मग वेग २०-३० वर येतो, मधूनच शून्य. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. कॉपी संपली तरी आत बराच वेळ हलकी खरखर चालू असते. रात्रभर संगणक चालू ठेवला की सकाळी वेग पुन्हा पूर्ववत.

खरी काळजी पुढची आहे. डीव्हीला सेकंदाला जेमतेम ३.६ एमबी लागतात, तरी कॉपीनंतर लगेच टेप लावली तर फ्रेम गळतात. मग तीच टेप परत फिरवायची. इतकी जुनी टेप दर फेरीला झिजते, आणि तुटली तर ते गाणं कायमचं गेलं.

केबल आणि पोर्ट बदलून पाहिले. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये खराब सेक्टरचे आकडे (०५, सी५, सी६) तिन्ही शून्य, केबलच्या चुकांचा आकडा (सी७) वाढत नाही. विक्रेता म्हणतो, डिस्क निरोगी आहे, बदलून मिळणार नाही. ही खराब आहे की हिची जातच अशी? आणि या कामासाठी ठेवावी का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

डिस्क खराब नाही. तुमच्या वर्णनावरून ती एसएमआर पद्धतीची आहे. साध्या, म्हणजे सीएमआर डिस्कमध्ये प्रत्येक ट्रॅक (माहिती लिहिण्याची गोल रेघ) सुटा असतो. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाढते, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्याच्यापुढचा पट्टाही पुन्हा लिहावा लागतो. म्हणून डिस्क आधी सगळं एका राखीव भागात घेते आणि मोकळा वेळ मिळाला की जागेवर लावते. राखीव भाग भरला की वेग कोसळतो. रात्रीत पूर्ववत होण्याचं कारणही हेच.

संताप येतो तो खोक्यावर हे छापलेलं नसतं याचा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणयंत्रासाठीच्या) रेड मालिकेत, २ ते ६ टीबीच्या डिस्कमध्ये हे न सांगता वापरल्याचं उघड झालं. त्यानंतर कंपन्यांनी मॉडेलवार याद्या दिल्या, आणि वेस्टर्न डिजिटलच्या त्या मालिकेतल्या सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने येऊ लागल्या. तुमचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत पाहा.

टेप थेट या डिस्कवर उतरवू नका. २५० जीबीचा साधा एसएसडीसुद्धा पुरेल. त्यावर कॅप्चर करा, फाईल तपासा, मग रात्री ८ टीबीवर हलवा. एकदा लिहून नंतर फक्त वाचायचं, या कामाला ही डिस्क चांगली आहे. तिच्यावर संपादन करू नका, अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या संचात (RAID) लावू नका, आणि विंडोजचं आपोआप होणारं डीफ्रॅग तिच्यापुरतं बंद ठेवा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक शंका: फ्रेम गळल्याचं कॅप्चरचं सॉफ्टवेअर सांगतंय, की चित्रात चौकोन दिसताहेत? चौकोन असतील तर बहुधा हँडीकॅमचं हेड (टेप वाचणारा भाग) मळलंय, डिस्कचा दोष नाही.

आणि दुसरी प्रत कुठे आहे? ८ टीबी भरायला १५० एमबीच्या वेगानेही जवळपास १५ तास लागतात, ३० च्या वेगाने तीन दिवस. नंतर एकदम करू म्हटलं की ते राहून जातं. प्रत्येक टेपबरोबर दुसऱ्या डिस्कवर प्रत करत चला, आणि ती डिस्क दुसऱ्या घरात ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मॉडेल यादीत सापडला, एसएमआरच आहे. फ्रेम गळल्याचं सॉफ्टवेअरच सांगतंय, पण दोन-तीन टेपांत चौकोनही आहेत, त्यामुळे हेड आधी साफ करून घेतो. एसएसडी मागवलाय, तोवर टेपांना हात लावत नाही. दुसऱ्या प्रतीसाठी सीएमआर डिस्क घ्यायचा विचार आहे. आमच्याकडे वीज वारंवार जाते. लिहिणं चालू असताना वीज गेली तर एसएमआरला जास्त धोका असतो का, आणि डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का?